इंजिन खोलायच्या आधी हे बघा: ट्रकचा पिकअप, धूर, पाणी आणि युरिया

गाडी वर्कशॉपच्या गेटात यायच्या आधी शेठचा फोन आलेला असतो, "इंजिन बसलंय, हाफ इंजिन (म्हणजे अर्धं इंजिन खोलून करायचं काम) धरून चला." मी चाकण साईडला डीलरच्या वर्कशॉपला जड गाड्यांची इंजिनं करतो, आणि एक सांगतो, इंजिन बसलंय म्हणून आलेल्या बऱ्याच गाड्यांचं इंजिन ठणठणीत असतं. दोष बाहेर कुठेतरी असतो, डिझेल लाईनीत, हवेच्या होजमध्ये, एखाद्या ढिल्या अर्थिंगमध्ये. पण एकदा हेड खाली घेतलं की गॅस्केट आलं, बोल्ट आले, मजुरी आली, आणि गाडी उभी राहिली तिचा हप्ता काय थांबत नाही. म्हणून कुठल्या क्रमाने बघायचं ते लिहितोय, स्वतःची एक-दोन गाड्या असलेल्या मालकांसाठी आणि आयटीआय करून नवीन लागलेल्या पोरांसाठी.

पहिलं काम ड्रायव्हरशी बोलायचं. हे कोणी करत नाही, सगळे डायरेक्ट स्कॅनर लावतात. "मामा, पिकअप नेमका कुठं तुटतो?" असं विचारलं की माणूस बरोबर सांगतो, "खंबाटकी चढताना भरलेली असली की दुसऱ्या गिअरवर येते, खाली असताना काय नाय." एवढ्या एका वाक्यात अर्धं काम झालं. खाली गाडीला त्रास नाही आणि लोडला आहे म्हणजे डिझेल किंवा हवा पुरी पडत नाहीये, बेअरिंग-क्रँकचा विचार आत्ता नको. मग पुढचे प्रश्न: थंड असताना की गरम झाल्यावर, हळूहळू झालं की एकदम, डिझेल शेवटचं कुठं भरलं, आणि याच्या आधी कोणी काय खोललं. शेवटचा प्रश्न प्रेमाने विचारायचा, कारण रस्त्यात कोणाकडून तरी काहीतरी खोललेलं असतंच आणि ड्रायव्हर शेठच्या भीतीने सांगत नाही.

मग धूर बघा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि बहुतेक वेळा हवाच कमी असते. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढऱ्यात दोन प्रकार, डोळ्याला झोंबणारा आणि कच्च्या डिझेलचा वास येणारा असेल तर डिझेल न जळता बाहेर पडतंय, आणि वाफेसारखा गोडसर वासाचा असेल तर कूलंट आत जातंय. थंडीत सकाळी सकाळी थोडा पांढरा सगळ्याच गाड्या मारतात, त्याला घाबरू नका. एक मात्र लक्षात ठेवा, बीएस ६ गाडीला मागे डीपीएफ असतो, तो काजळी अडवतो, त्यामुळे इंजिन कितीही काळं ओकत असलं तरी सायलेन्सरमधून दिसत नाही. बीएस ६ गाडीच्या सायलेन्सरचं तोंड काळंकुट्ट दिसलं तर डीपीएफ फुटलाय नाहीतर कोणीतरी आतून रिकामा केलाय.

आता डिझेल. सगळ्यात आधी वॉटर सेपरेटरचा (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा फिल्टर) खालचा कॉक उघडून काचेच्या बाटलीत डिझेल घ्या आणि दोन मिनिटं तशीच ठेवा. पाणी खाली बसतं, डिझेल वर, लगेच कळतं. पावसाळ्यात टाकीचं झाकण नीट बसत नसेल तर पाणी जातं, रात्रभर अर्धी टाकी रिकामी ठेवली तर आत दव धरून पण थोडं थोडं जमतं. पाणी निघालं तर नुसता फिल्टर बदलून भागत नाही, टाकी धुवा, नाहीतर आठवड्यात गाडी परत दारात.

पाणी नसेल तर हवा शोधा, लाईन एअर घेते का ते. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या लाईनीत गळती असली तर बाहेर थेंब पडत नाही, कारण तिथं खेच असते, डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. म्हणून बाहेरून सगळं कोरडं आणि गाडी मात्र सकाळी दहा-दहा सेल्फ मारायला लावते. पंपाच्या आधी हातभर पारदर्शक पाईप जोडा आणि इंजिन चालू करून बघत बसा, बुडबुडे सरळ दिसतात. मग टाकीकडून एकेक जोड तपासत यायचं, बँजो वॉशर, रबर होज, फिल्टरची रिंग. बरेचदा जुन्या फिल्टरची रबर रिंग वर चिकटून राहिलेली असते आणि त्याच्यावर नवीन फिल्टर चढवलेला असतो.

एअर काढायची पद्धत जुन्या आणि नव्या गाडीची वेगळी आहे आणि इथं जीवावर बेतू शकतं, म्हणून नीट वाचा. जुन्या इनलाईन पंपाच्या गाडीला फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू ढिला करायचा, हॅन्ड प्राइमर मारत राहायचा, फेस जाऊन सलग डिझेल आलं की स्क्रू टाईट, मग इंजेक्टरच्या पाईपचे नट थोडे ढिले करून सेल्फ मारायचा, डिझेल आलं की टाईट, झालं. कॉमन रेलला (सगळ्या इंजेक्टरना एकाच हाय प्रेशर नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल देणारी नवी गाडी) हे शेवटचं अजिबात करायचं नाही. रेलमध्ये १६०० बार आणि काही इंजिनांत त्याहून वर प्रेशर असतं, म्हणजे तुमच्या ट्रकच्या टायरच्या हवेच्या दोनशेपट सहज. चालू इंजिनला नट ढिला केला तर डिझेलची न दिसणारी धार कातडी फोडून आत जाते. बाहेरून टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही फार, आणि आत डिझेल पसरत जातं. असं झालं तर हळद-बिळद लावून बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरला सांगा की हाय प्रेशर डिझेल आत गेलंय, उशीर झाला तर बोट काय, हात जायची वेळ येते. गळती बघायला हात फिरवायचा नाही, पुठ्ठा धरायचा. आणि हाय प्रेशर पाईप खोलायचाच असेल तर इंजिन बंद करून निदान १० मिनिटं थांबा, कंपनीच्या मॅन्युअलात जास्त लिहिलं असेल तर तेवढं. खोललेला पाईप बऱ्याच कंपन्या परत वापरू नका म्हणतात, कारण त्याचं टोक एकदाच बसतं.

अजून एक सवय मोडा. नवीन फिल्टर बसवताना त्यात वरून कॅनने डिझेल भरायची. जुन्या गाडीला चालून जायचं, कॉमन रेलच्या मेन फिल्टरला तसं केलं की न गाळलेलं डिझेल थेट स्वच्छ बाजूला पडतं आणि तिथून पंप-इंजेक्टरमध्ये. कोरडा बसवा, प्राइमरने भरा, हात दुखला तरी चालेल.

गरम गाडी बंद केल्यावर ढाब्यावरून परत स्टार्ट व्हायला त्रास देते, थंड झाली की होते, ही तक्रार लई येते. बॅटरी, सेल्फ सगळं बदलून झालेलं असतं. अशा गाडीला इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करा. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला वेगळी बाटली लावायची (सलाईनच्या नळ्या आणि मापाच्या बाटल्या, काही फॅन्सी लागत नाही, पण ज्या इंजिनात रिटर्न हेडच्या आतून जातो तिथं वेगळं किट लागतं), आयडलला काही मिनिटं चालवायचं आणि बाटल्यांकडे बघायचं. पाच सारख्या आणि एक भरून वाहतेय, तो तुमचा चोर. आत झिजलाय, रेलचं प्रेशर रिटर्नमध्ये सोडतोय, गरम झालं की डिझेल पातळ होतं आणि अजून सोडतो. सेल्फ मारताना साधारण २०० बारच्या आसपास प्रेशर झाल्याशिवाय ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) इंजेक्टर उघडतच नाही, म्हणून गाडी नुसती फिरत राहते. सहाच्या सहा इंजेक्टर बदलायचं एस्टिमेट हातात आलं असेल तर आधी ही बाटल्यांची टेस्ट समोर करून मागा. आणि नवीन इंजेक्टर टाकला की त्याच्या डोक्यावरचा कोड स्कॅनरने ईसीएममध्ये भरावा लागतो, हे विचारून घ्या. बाहेर बरेच जण भरत नाहीत आणि मग आयडलला थरथर राहते.

हवेची बाजू माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. एअर फिल्टर कॉम्प्रेसरच्या गनने फूं फूं करून परत घालायचा, ही आपल्याकडची पद्धत. जोरात हवा मारली की कागदाला बारीक छिद्रं पडतात, डोळ्याला दिसत नाहीत, आणि मग शिक्रापूर रोडची सगळी धूळ टर्बो आणि लायनरवर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी). ज्या इंजिनने कमी किलोमीटरला ऑइल खायला सुरुवात केली त्याचा एअर फिल्टरचा पाईप आतून बोटाने पुसून बघा, बोटाला माती लागली तर कारण सापडलं. डब्यावर इंडिकेटर असतो, लाल झाला की बदला, त्याच्या आधी सारखं सारखं उघडायचं पण नाही.

टर्बोपासून इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनपर्यंतच्या होज हाताने दाबून, वाकवून बघा, खास करून खालच्या बाजूने जिथं हात सहज जात नाही. होजला चीर असली तर आयडलला ती मिटलेली असते, लोडवर बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचं प्रेशर) आला की माशाच्या तोंडासारखी उघडते. म्हणून उभ्या गाडीत सापडत नाही. खूण अशी की चिरेच्या आजूबाजूला काळपट तेलकट डाग पडलेला असतो आणि चढाला फुस्स असा आवाज येतो. साबणाचं पाणी आणि थोडं हवेचं प्रेशर दिलं की लगेच फेस. दोन-चार क्लॅम्प आणि एका होजवर सुटलेल्या गाड्या मी बघतो ज्यांना बाहेर टर्बो बदला म्हणून सांगितलेलं असतं. टर्बो खरंच गेलाय का हे बघायला टर्बोला हवा आणणारा पाईप काढून शाफ्ट हलवा. वर-खाली किंचित हलणं चालतं, पुढे-मागे हलायला नको आणि पंखा बॉडीला घासायला तर अजिबात नको. इंटरकूलरच्या पाईपात ऑइलचा पातळ थर असतोच, थेंब थेंब साचलं असेल तर मग काळजी.

घाट चढून आल्यावर टर्बो तापलेला असतो, लगेच चावी बंद केली की ऑइल थांबतं आणि आतच जळून कोळसा होतो, दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवा. आणि उताराला न्यूट्रल मारणाऱ्यांना काय सांगायचं. नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात, तिथं किती अपघात झालेत ते सगळ्या पुण्याला माहितीये. कॉमन रेल इंजिन गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलेटर सोडला की डिझेल पूर्ण कट करतं, न्यूट्रलला मात्र आयडलचं डिझेल जळतंच. म्हणजे वाचत तर काहीच नाही, वर एक्झॉस्ट ब्रेक गेला, इंजिन ब्रेकिंग गेलं, सगळा भार ब्रेकच्या लायनरवर.

पाणी कमी होतंय ही तक्रार आली की लोक हेड गॅस्केटवर उडी मारतात. थांबा. आधी रेडिएटरची कॅप बघा, कॅपची रबर गेली तर प्रेशर धरत नाही आणि पाणी उकळून बाहेर पडतं. (गरम असताना कॅप उघडू नका, हे सांगायची वेळ यायला नको पण येते.) मग वॉटर पंपाच्या खालचं छोटं भोक, तिथून ओघळ आलाय का. रेडिएटरच्या जाळीत भुसा, उसाची पाचट, चिखल अडकलाय का, आणि धुवायचा असेल तर इंजिनकडच्या बाजूने बाहेर पाणी मारायचं, पुढून मारलं की कचरा अजून आत ठासतो. हे सगळं ठीक असेल आणि ईजीआर (जळालेला थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी सिस्टीम) असलेली गाडी असेल तर ईजीआर कूलर तपासा. हा आतून फुटला की कूलंट थेट हवेच्या पाईपात जातं आणि जळून सायलेन्सरमधून निघून जातं, बाहेर एक थेंब नाही, ऑइलमध्ये पाणी नाही, आणि मिस्त्री हेड खाली घ्यायला तयार. कूलरला पाण्यात बुडवून हवेचं प्रेशर द्या, बुडबुडा आला तर आला. हेड गॅस्केटची खूण वेगळी, थंड इंजिन चालू केल्याबरोबर वरची होज कडक होते, कूलंटच्या टाकीत सारखे बुडबुडे येतात, थांबतच नाहीत.

बोअरचं पाणी घालू नका. वाघोली-लोणीकंद पट्ट्यात टँकर-बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बादलीवर सुद्धा बसतो, तो रेडिएटरच्या नळ्यांत पण बसतो. शिवाय लायनर भोवती पाणी फिरणाऱ्या इंजिनात लायनर सारखा थरथरतो, त्याच्या बाहेर बारीक बुडबुडे फुटत राहतात आणि लोखंडाला टोचे पडत जातात, शेवटी भोक पडून पाणी ऑइलमध्ये. कूलंटमधलं केमिकल हे थांबवतं, साधं पाणी नाही. आणि गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायचा प्रकार, तो तर बंदच करा. काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढला की पाणी रेडिएटरला न जाता बायपासनेच फिरतं, गाडी अजून तापते. बाकीच्यांत इंजिन कधी नीट गरम होत नाही आणि बीएस ६ ला रिजन (डीपीएफमधली काजळी तापवून जाळणं) होत नाही.

ऑइलचं थोडक्यात. दुधाळ झालं तर पाणी. लेव्हल वाढत चालली आणि पातळ होऊन डिझेलचा वास येतोय तर डिझेल उतरतंय, इंजेक्टर टपकतोय किंवा रिजन सारखं अर्धवट तुटतंय. लेव्हल वाढली म्हणून खूश होणारा ड्रायव्हर पण असतो. बीएस ६ ला सीके-४ ग्रेडचं कमी राखेचं ऑइल लागतं, साधारण १५डब्ल्यू-४०, गाडीच्या पुस्तकात बघून घ्या. जुन्या ग्रेडचं स्वस्त ऑइल टाकलं तर त्याची राख डीपीएफमध्ये साचते आणि राख काही रिजनमध्ये जळत नाही.

आता युरिया, म्हणजे डीईएफ, बीएस ६ गाडीत धूर साफ करायला सायलेन्सरकडे फवारतात ते. हल्ली सगळ्यात जास्त भांडणं यावर होतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आलं आणि ड्रायव्हर लोकांना वाटलं की ही निळ्या झाकणाची टाकी म्हणजे नुसती कटकट. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी असतं, शेतातल्या गोणीतला युरिया पाण्यात कालवून घातला तर त्यातली घाण आणि क्षार एससीआरचं (युरियाने धूर साफ करणारा भाग) कॅटॅलिस्ट मारतात, आणि त्या एका पार्टच्या पैशात कित्येक वर्षांचा चांगला डीईएफ येतो. चुकून डीईएफच्या टाकीत डिझेल पडलं तर चावी लावायची पण नाही, टो करून आणा.

आणि हे कोणी सांगत नाही: चावी बंद केली की लगेच बॅटरीचा मेन स्विच बंद करू नका. चावी काढल्यावर डीईएफचा पंप थोडा वेळ उलटा चालतो, लाईनीत राहिलेला युरिया परत टाकीत ओढतो, कान दिला तर घुरघुर ऐकू येते. ती थांबेपर्यंत, दोन-तीन मिनिटं, थांबा. रात्री बॅटरी चोरीच्या भीतीने लगेच स्विच मारतात, युरिया नोझलमध्ये राहतो, सकाळपर्यंत खडीसाखरेगत पांढरा खडा होतो, मग लाईट लागते, पॉवर कट होते. नोझल काढून कोमट पाण्यात भिजत घाला, खडा विरघळतो, तारेने टोकरू नका. साफ करून चालला तर नवीन घ्यायचा कशाला.

डीपीएफची लाईट लागली की ती रिजन मागतेय. चाकणमध्ये कंपनी ते गोडाऊन असं आठ-दहा किलोमीटर ट्रॅफिकमध्ये फिरणाऱ्या गाड्यांना हा त्रास जास्त, सायलेन्सर कधी तापतच नाही. हायवेला नेऊन चालवा किंवा उभं करून स्विचने रिजन द्या, अर्धा-पाऊण तास लागू शकतो, मध्ये तोडू नका. उभी करताना खाली बघा, रिजनमध्ये आत ६०० डिग्रीच्या आसपास जातं, साखर कारखान्याच्या यार्डात पाचटीवर गाडी उभी करून रिजन लावलं तर इंजिनाबरोबर ऊसही जाईल. सिस्टीम बायपास करून देणारे भेटतील, नका करू. वॉरंटी गेली, पासिंगला अडकणार, आणि परत मूळ जागेवर आणायला दुप्पट खर्च.

वायरिंगबद्दल एवढंच की फॉल्ट कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे. "रेल प्रेशर कमी" असा कोड आला की सेन्सर बदलतात, अरे तो सेन्सर बिचारा खरं सांगतोय, प्रेशर कमीच आहे, चोक झालेला फिल्टर बघा. कोड आला की आधी बॅटरीचे टर्मिनल, चॅसीची अर्थिंग, कपलरमध्ये पाणी, उंदराने कुरतडलेली वायर. बॉडीला वेल्डिंग करताना बॅटरी आणि ईसीएमचे कपलर काढायला सांगा, बॉडीवाले सांगितल्याशिवाय काढत नाहीत.

टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हचा गॅप बसवणं) घरी शिकायचं असेल तर सहा सिलिंडरला फायरिंग ऑर्डर बहुतेक १-५-३-६-२-४, त्यामुळे जोड्या १-६, ५-२, ३-४. सहाव्याचे दोन्ही रॉकर हलायच्या बेतात आले की पहिल्याचे सेट करायचे, असं पुढे. कमिन्सच्या जुन्या ५.९ लिटर बी सिरीजला इनलेट ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.५१ मिलिमीटर, इंजिन थंड असताना. दुसऱ्या इंजिनाला त्याचंच माप.

मग खरंच खोलायचं कधी? इंजिन गरम करून आयडलला ऑइलचं झाकण फिरवून काढा आणि उलटं करून भोकावर नुसतं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक, उडून पडायला लागलं आणि धूर ढकलतंय, शिवाय निळा धूर आणि ऑइल खातेय, तर रिंग-लायनर गेलेत. गरम आयडलला ऑइल प्रेशर पडतंय आणि खालून ठक ठक येतेय, तर एक किलोमीटर पण चालवू नका. अशा वेळी काम देताना लायनर आणि क्रँकची मापं कागदावर लिहून मागा, जुने पार्ट समोर ठेवायला सांगा, हेडचे बोल्ट टॉर्क रेंचने आणि नंतर डिग्रीने ओढले का विचारा. मिस्त्री चिडला तर चिडू द्या.

जॉब कार्डवर "इंजिन काम" असं लिहू देऊ नका, तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, लोड किती, कुठला चढ, गरम की थंड. आणि ट्रायल रिकाम्या गाडीची घेऊ नका. माल भरून नवले पुलापासून बोगद्यापर्यंतचा चढ घ्या, स्कॅनर लावून मिस्त्रीला शेजारी बसवा, आणि स्क्रीनवर रेल प्रेशरचे दोन आकडे बघा, मागितलेलं आणि मिळालेलं. चढाच्या मध्यावर दोन्ही सोबत चालत असतील आणि बूस्ट टिकत असेल तरच बिलावर सही करा.